जॅकेट हातात द्या, मग बोला

पत्र: आम्ही चार स्वयंसेवक मढ-मालाड भागात बोटीवरच्या सुरक्षिततेचे मोफत वर्ग घेतो. शाळेचा हॉल मिळतो, वेळ दोन तास. समोर चाळीसेक जण असतात: मासेमारी बोटींवरचे खलाशी, लाँचवर काम करणारी मुलं आणि हौसेने कयाक चालवणारे कॉलेजचे काही जण. माझ्या 74 स्लाइड तयार आहेत, पण विसाव्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतात. एक ज्येष्ठ तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, दर वेळी मध्येच म्हणतात, ‘हे सगळं पुस्तकातलं, दर्यात असं नसतं.’ मागच्या वेळी शेवटी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला दिलं, तर निम्म्यांना पट्टे नीट लावता आले नाहीत. त्यावर मी अकरा स्लाइड दाखवल्या होत्या! 1 जूनला मासेमारी बंदी लागली की पुन्हा वर्ग सुरू करायचेत. आमचं कुठे चुकतंय? आणि शेवटी प्रमाणपत्र द्यावं का?
— एक स्वयंसेवक, मालाड

उत्तर:

नमस्कार. बंदीचे 61 दिवस वर्गासाठी निवडलेत, हे फार चांगलं केलंत. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जायचंय हे डोक्यात असतं. शिकायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.

आता तुमच्या 74 स्लाइडचा हिशोब करू. दोन तास म्हणजे 7200 सेकंद, म्हणजे एका स्लाइडला 97 सेकंद. त्यात प्रश्न नाहीत, उशिरा येणारे नाहीत, कुणी काही हातात घेऊन बघणंही नाही. पट्टा ओढणं, बक्कल लावणं, दोर फेकणं ही हाताची कामं आहेत. सायकलचं चित्र बघून सायकल येत नाही, तसंच हे आहे. त्यामुळे स्लाइड सुधारत बसू नका, वर्गाची मांडणीच बदला.

तुम्ही चौघं आहात, हे तुमचं खरं भांडवल आहे. चाळीस जणांचे दहा-दहाचे चार गट करा आणि हॉलच्या चार कोपऱ्यांत चार टेबलं लावा: जॅकेट, दोर, वायरलेस आणि पाण्याचा टब. सुरुवातीची 15 मिनिटं सगळ्यांसोबत, मग प्रत्येक टेबलावर 20 मिनिटं, मधल्या तीन बदलांना तीन-तीन मिनिटं. एकूण 104 मिनिटं झाली. उरलेली 16 शेवटासाठी. बदलाची खूण शिट्टीने द्या. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की माइकही ऐकू येत नाही, पण दहा जणांच्या घोळक्यात साध्या आवाजात बोलता येतं. प्रत्येक स्वयंसेवकाने एकच टेबल सांभाळायचं आणि तेच चार वेळा शिकवायचं. ज्याला सवय कमी आहे त्याला टबाचं टेबल द्या, तिथे पाणीच निम्मं काम करतं.

पहिल्या 15 मिनिटांत दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख आणि शाल-श्रीफळ आलं, तर वर्ग तिथेच संपला. सत्कार करायचाच असेल तर शेवटी करा. लोक आत येत असतानाच प्रत्येक दोघांत एक जॅकेट द्या आणि म्हणा, ‘घाला.’ कसं घालायचं ते सांगू नका. एका मिनिटाने शिट्टी वाजवा. जॅकेटच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत एक अट आहे: ते कधीही न पाहिलेल्या माणसांपैकी किमान 75 टक्के जणांना कुणाच्या मदतीशिवाय एका मिनिटात बरोबर घालता आलं पाहिजे. तुमच्या हॉलमध्ये किती जणांना जमलं, तो आकडा फळ्यावर मोठा लिहा आणि पुसू नका. शेवटच्या 16 मिनिटांत हाच प्रयोग पुन्हा करा आणि दुसरा आकडा त्याच्याशेजारी लिहा. कुणालाही नावाने चुकीचं ठरवू नका, आकडा सगळ्या हॉलचा असू द्या.

जॅकेटचं टेबल

इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी एकदा गप्प राहून, नेहमीच्या वेगाने जॅकेट घालून दाखवा. मग सावकाश, बोलत बोलत. तिसऱ्या वेळी त्यांनी बोलायचं आणि तुम्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे करायचं. ते एखादा पट्टा विसरले तर तुम्हीही तो सोडून द्या आणि थांबा. कुणीतरी ‘अहो, खालचा राहिला’ म्हणेलच. चौथ्या वेळी जोडीने: एकाने घालायचं, दुसऱ्याने तपासायचं. तपासणाऱ्याने दोन्ही खांद्यांखाली अंगठे घालून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटीपर्यंत आलं तर पट्टे सैल आहेत, आणि पाण्यात ते तोंडावर येईल. बहुतेकांची चूक कंबरेच्या पट्ट्यात असते. बक्कल लागल्याचा ‘टक’ ऐकला की माणूस निश्चिंत होतो, पट्ट्याचं मोकळं टोक ओढायचंच राहतं. म्हणून ‘टक’ आणि ‘ओढ’ हे दोन शब्द सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

‘आम्हाला पोहता येतं, जॅकेट कशाला’ हे वाक्य येणारच. वाद घालू नका. त्या माणसाला डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरायला सांगा, पाण्यात फळी धरल्यासारखी, आणि फक्त उजव्या हाताने जॅकेट घालायला सांगा. कड सोडायची नाही. दुसरी बाही शोधताना जॅकेट पाठीमागे फिरतं, पट्टा पायाजवळ लोंबतो, आणि एका हाताने बक्कलाचे दोन्ही भाग समोरासमोर येतच नाहीत. बघणारे आधी हसतात, मग शांत होतात. जॅकेट जेट्टी सोडण्याआधीच अंगावर का हवं, हे तेव्हा न सांगता कळतं. इथे तुम्ही दहा सेकंद काहीही बोलू नका.

मासेमारी करणाऱ्यांची एक तक्रार मात्र खरी आहे. जाड फोमचं जॅकेट जाळ्यात अडकतं, उकडतं, काम सुचत नाही. ती मान्य करा. नाही केलीत तर पुढचं कुणी ऐकणार नाही. गॅसने फुगणारं पट्ट्यासारखं जॅकेट मिळालं तर दाखवायला आणा, आणि त्याची अडचणही सांगा: सिलिंडर हाताने घट्ट पिळून तपासावा लागतो, एकदा वापरला की बदलावा लागतो. पाण्यात आपोआप फुगणारं असेल तर रेनकोट जॅकेटच्या आतून घालायचा, वरून कधीच नाही. वरून घातलेला रेनकोट फुगणाऱ्या जॅकेटला अडवतो आणि छाती आवळली जाते. पावसाळ्यात आपल्याकडे नेमकं उलटं केलं जातं.

एक जुनं, खराब जॅकेट मुद्दाम ठेवा. उन्हाने विटलेलं कापड चिमटीत धरून ओढायला द्या, फोम दाबून बघू द्या, शिट्टीच्या जागी नुसती दोरी उरलीय ते दिसू द्या. हातात कापड टरकलं की वेगळं भाषण लागत नाही.

दोराचं टेबल

हे शक्य तर व्हरांड्यात किंवा मैदानात न्या. पंधरा मीटर लांब, 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर घ्या. तो तरंगतो. नायलॉनचा दोर मजबूत असला तरी बुडतो. बादलीत दोन्हींचे वीतभर तुकडे टाकून ठेवा, गट येईल तेव्हा स्वतःच बघेल. फेकायला तयार पिशवी नसेल तर दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्या, पाव भाग पाण्याने भरा, झाकण घट्ट लावा आणि दोराचं टोक कडीला बांधा. रिकामा कॅन वारा उडवून नेतो, भरलेला डोक्यात बसतो.

दहा मीटरवर एक खुर्ची ठेवा, ती म्हणजे पाण्यात पडलेला माणूस. प्रत्येकाला दोनदा फेकायला द्या. पहिल्या फेकीत चुका हमखास होतात. दोराचं दुसरं टोक हातात धरलेलंच नसतं आणि सगळा दोर निघून जातो. किंवा पाय दोरावर असतो आणि कॅन अर्ध्यात आपटतो. खुर्चीच्या अलीकडे पडणं तर नेहमीचंच. नेम माणसाच्या पलीकडे, त्याच्या खांद्यावरून जाईल असा धरायचा, मग दोर त्याच्या हातापर्यंत ओढून आणायचा. चूक झाली की लगेच बोलू नका. ‘काय झालं?’ एवढंच विचारा. कारण तो स्वतः सांगेल आणि दुसरी फेक बरोबर जाईल.

फेकायची पाळी नसलेल्यांनाही काम द्या. एकाने सतत खुर्चीकडे बोट दाखवत उभं राहायचं, मान दुसरीकडे वळवायची नाही, बाकी काही करायचं नाही. बोट वळवताना, इंजिन कमी करताना, आरडाओरड्यात लाटांमधलं डोकं नजरेतून सुटलं तर परत सापडणं अवघड असतं. त्याला नावाने हाक मारा, पाठीमागून गप्पा मारा. नजर हलली की पुढच्याची पाळी.

गाठी शिकवणार असाल तर एकच घ्या, न सरकणारा फास देणारी बोलाइन. शिकणाऱ्याच्या समोर उभं राहून गाठ दाखवली की त्याला डावं-उजवं उलटं दिसतं. त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभे राहा. दोन रंगांचे दोर जोडून घेतले तर कुठलं टोक कुठून गेलं ते मागच्यालाही दिसतं.

वायरलेसचं टेबल

इथे एक नियम पाळाच: खऱ्या सेटवर चॅनेल 16 वर सराव करायचा नाही. तो मदतीच्या हाकेचा चॅनेल आहे आणि खोट्या हाकेने खरी माणसं धावतात. सेटची बॅटरी काढून ठेवा, किंवा खोका दाखवा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एक संकटात, दुसरा ऐकून कागदावर लिहिणारा. ‘मेडे’ (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग पुन्हा ‘मेडे’ आणि नाव, मग जागा, काय झालंय, कसली मदत हवी, बोटीवर किती माणसं. शेवटी ‘ओव्हर’. लिहिणाऱ्याचा कागद मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा माणसांचा आकडा राहिलेला असतो किंवा जागा ‘मढच्या पुढे’ एवढीच असते.

जागेसाठी वेळ काढून ठेवा, कारण मोबाइल वापरणारी मुलंही इथे चुकतात. गेटवे ऑफ इंडियाचा अक्षांश मोबाइल दशांशात 18.922 असा दाखवतो. अंश आणि मिनिटांत तोच 18 अंश 55.3 मिनिटं होतो, कारण 0.922 गुणिले 60 म्हणजे 55.3. आता कुणी 18 अंश 55.3 मिनिटं हे ‘अठरा पॉइंट पाच पाच तीन’ असं वाचलं, तर गेटवेसमोरची बोट सरळ रेवदंड्याच्या अक्षांशावर जाते. साधारण 22 सागरी मैलांची चूक! शोधणारे तिकडे शोधतील. फळ्यावर दोन्ही आकडे लिहा, नकाशावर दोन टाचण्या टोचा, आणि एकच सवय लावा: ‘अंश’ आणि ‘मिनिटं’ हे शब्द उच्चारल्याशिवाय जागा सांगायची नाही.

मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हे क्रमांक तिथल्या तिथे प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवून घ्या. फळ्यावर लिहून ठेवलं की कुणी साठवत नाही. मोबाइल बाहेर यायचेच आहेत, तर ते तुम्ही सांगाल त्या वेळी येऊ द्या.

टबाचं टेबल

साधारण 30 बाय 20 सेंटिमीटरचा, 8 ते 10 सेंटिमीटर खोल, सपाट तळाचा प्लास्टिकचा ट्रे ही तुमची लाँच. मोठ्या टबात पाणी घ्या. ट्रेमध्ये अर्ध्या लिटरच्या भरलेल्या चार बाटल्या आडव्या ठेवा आणि बोटाने कड दाबून सोडा. ट्रे झटकन सरळ होतो. आता त्याच बाटल्या उभ्या करा आणि हलू नयेत म्हणून चिकटपट्टीने एकमेकींना आणि तळाला बांधा. वजन तेवढंच आहे, पण आता कड दाबली तर ट्रे सुस्तावल्यासारखा, उशिरा परततो. वरच्या डेकवर माणसं चढली की हेच होतं. मग ट्रेमध्ये एक पेला पाणी ओता आणि पुन्हा हलकं दाबा. पाणी खालच्या बाजूला धावतं, ट्रे कलतो, कलल्यामुळे आणखी पाणी तिकडे जातं आणि बाटल्यांसकट उलटतो. तळात साठलेलं थोडं पाणी किती घात करतं आणि पंप वेळेवर का चालवायचा, ते दिसतं. हा प्रयोग घरी दोन-तीनदा करून बघा. ट्रेचा तळ निमुळता असेल तर तो फार लवकर उलटतो, मग आडव्या-उभ्यातला फरक दिसत नाही.

लाँचवरच्या मुलांना यानंतर एकच प्रश्न विचारा: थंडीत सीगल आले की प्रवासी कुठे जमतात? सगळे एका कठड्याला, हातात खाऊ घेऊन. मग त्यांनाच विचारा की त्या वेळी काय म्हणायचं. ‘बसा, बसा’ असं ओरडून कुणी बसत नाही. ‘निळा शर्ट काका, तुम्ही या बाजूला या’ असं एकेकाला बोलावलं की हलतात. अशी उत्तरं त्यांच्याकडूनच येऊ द्या.

आता तुमचे तांडेल. ते अडथळा आणतात असं तुम्हाला वाटतंय, पण वर्गात सगळ्यात जास्त समुद्र त्यांनी पाहिलाय आणि तो बोलायला त्यांना जागा मिळत नाही. वर्गाच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी जा, काका म्हणून बसा, आणि सुरुवातीच्या 15 मिनिटांतली पाच त्यांना द्या. विषय तुम्ही ठरवा: भरतीची वेळ. तिथीला पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा वाजता. हे ते तुमच्यापेक्षा छान सांगतील आणि कॉलेजची मुलं मान वर करतील. त्याला जोडून तुम्ही बारावा हिस्सा सांगा. सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बारा भागांतला एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम 33 सेंटिमीटर, पण तिसऱ्यात पूर्ण एक मीटर पाणी जातं. ‘अजून बरंच पाणी आहे’ म्हणत खाडीच्या तोंडाशी थांबलेली बोट त्याच तासात गाळात बसते. तांडेलांना हे अनुभवाने ठाऊक आहे. आकडा मिळाला की ते स्वतःच मान डोलावतील. पुढे ते काही चुकीचं बोलले तर सगळ्यांसमोर खोडू नका. ‘काका, करून बघू का?’ म्हणा आणि टेबलाकडे न्या.

एक गोष्ट हळुवारपणे हाताळा. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तो विषय कुणीतरी काढणारच. त्याचे व्हिडिओ वर्गात दाखवू नका. समोरच्या चाळिसांत त्या दिवशी माणसं बाहेर काढणारा कुणी बसलेला असू शकतो, किंवा कुणाचं घरचं माणूस त्यात असू शकतं. ज्यांना बोलायचंय त्यांना बोलू द्या, दोष कुणाचा यात शिरू नका, आणि जॅकेटच्या टेबलाकडे परत या.

स्लाइड दहा पुरेत. जे हातात धरता येत नाही त्यासाठीच वापरा: रात्रीचे दिवे, बंदरातला जहाजांचा मार्ग. अक्षरं देवनागरीत, किमान 32 आकाराची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी. शाळेच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात निळ्या समुद्राचे फोटो नुसते राखाडी दिसतात. शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून बघा. दिवे दाखवायला स्लाइडपेक्षा दोन टॉर्च बरे, एकावर लाल आणि एकावर हिरवा जिलेटिन कागद. खिडक्या झाका, एकाला बोट करा, डाव्या हातात लाल आणि उजव्यात हिरवा देऊन समोरून चालत यायला सांगा. दोन्ही रंग एकदम दिसले म्हणजे ती बोट थेट तुमच्यावर येतेय, आणि दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं. दोन मिनिटांत पोचतं.

‘समजलं का?’ हा प्रश्न तोंडातून काढून टाका. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘दाखवा.’ प्रश्न विचारलात तर मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. आपण दुसऱ्या सेकंदालाच स्वतः उत्तर देऊन टाकतो, आणि लोक पुढच्या वेळी वाट बघत बसतात.

प्रमाणपत्राबद्दल: द्या, लोकांना आवडतं, घरी लावतात. पण त्यावर ‘प्रशिक्षित’ किंवा ‘पात्र’ लिहू नका. बोट चालवण्याचा परवाना देणारी सरकारी यंत्रणा वेगळी आहे, आणि तुमचा कागद दाखवून कुणी प्रवासी नेऊ लागला तर अवघड होईल. ‘उपस्थित होते’ एवढं लिहा, खाली तारीख आणि ज्या चार गोष्टी त्याने हाताने केल्या त्या. ज्याचा दोर खुर्चीपर्यंत गेलाच नाही त्याच्या कागदावर ती ओळ कोरी ठेवा आणि त्याला पुढच्या रविवारी पुन्हा बोलवा.